मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती लांब, किती तास? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. दर उन्हाळ्यात इथे कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येणार असतात आणि त्याच्या दोन महिने आधीपासून मला फोन सुरू होतात, कारण माझ्या आई-बाबांना सांगलीहून इथे आणणं आणि परत सोडणं हे मी चार वेळा केलंय आणि आता मी यातली एक्स्पर्ट आहे असा सगळ्यांचा समज झालाय. प्रश्न तेच असतात म्हणून शेवटी लिहूनच काढलं. एक आधीच सांगते, गुगल एक आकडा दाखवतं, तिकिटावर दुसरा असतो आणि घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या घरी चप्पल काढेपर्यंत जो वेळ जातो तो तिसराच. प्लॅनिंग त्या तिसऱ्यावर करा.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नक्की किती आहे?

विमानतळ ते विमानतळ सरळ मोजलं तर सुमारे १२,५४० किलोमीटर. मैलात ७,७९० च्या आसपास, आणि पायलट लोक ज्या नॉटिकल मैलात बोलतात त्यात साधारण ६,७७०. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे तुम्ही पृथ्वीला जवळजवळ एक तृतीयांश वळसा घालताय. बाबांना हे सांगून काही वाटलं नाही, मग म्हटलं मुंबई-पुणे-मुंबई बेचाळीस फेऱ्या एका बैठकीत, तेव्हा म्हणाले बापरे.

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाऐवजी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला उतरलात तरी अंतरात सांगण्यासारखा फरक पडत नाही.

नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला दिसतं, मग विमान वर उत्तरेकडे कशाला जातं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल, सगळा घोळ तिथेच. माझ्या भाच्याच्या टेबलावर तो पृथ्वीचा गोल आहे ना, प्लास्टिकचा, त्यावर एकदा आम्ही शिवणाचा दोरा धरून बघितला. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. पहिल्यांदा आपण मुद्दाम तो अरबस्तान, आफ्रिकेचं डोकं, अटलांटिक असा नेतो कारण नकाशा डोक्यात बसलेला असतो, पण जरा ताण दिला की दोरा आपोआप घसरत वर जातो आणि एका जागी घट्ट बसतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. याला ग्रेट सर्कल म्हणतात.

आणि हा दोरा कुठून जातो बघा. मुंबईहून उत्तरेला थोडा पश्चिमेकडे कलून निघतो, सिंधमध्ये लारकाना-मोहेंजोदडोच्या जवळून जातो, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिमेकडचा भाग, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या बाजूने, नॉर्वे ओलांडून आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचं लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. मधे तो ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो, म्हणजे आर्क्टिक वर्तुळ जेमतेम दीड-दोन अंशांवर राहतं. मुंबई १९ वर, न्यूयॉर्क ४१ च्या आत, आणि मधला रस्ता ६५ वर! घरात पृथ्वीचा गोल असेल तर खरंच करून बघा, मुलं तर सोडाच आमचे बाबा पंधरा मिनिटं दोरा हलवत बसले होते.

मग विमान त्याच रेषेवरून जातं का?

नाही, आणि इथेच वेळेचं गणित बिघडतं. आकाशालाही सरहद्दी आहेत. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि मग ती बंदी दर महिन्याला वाढवत नेली. त्यामुळे भारतीय कंपनीच्या विमानाला मुंबईहून उत्तरेला वळता येत नाही, आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जावं लागतं आणि मग वर. मुंबईवाल्यांना त्याचा फटका त्यातल्या त्यात कमी, कारण समुद्र दारातच आहे. दिल्लीवाल्यांना आधी खाली दक्षिणेला यावं लागतं, तिथून अमेरिकेला निघालेल्या काही फ्लाइट्सना तर सुरुवातीला इंधन भरायला युरोपात उतरावं लागलं होतं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं.

दुसरी भानगड रशियाची. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, युक्रेनचं आकाश तर सगळ्यांनाच बंद. भारतीय कंपन्यांना रशियाची बंदी नाहीये, पण त्यातही गंमत आहे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं आणि लोक तिथे शाळा-हॉस्टेलात झोपले, दुसरं विमान मुंबईहून पाठवावं लागलं. मधेच इराणच्या बाजूला काही झालं की तेही आकाश बंद होतं. म्हणून गेल्या वर्षी शेजारचे काका किती तासांत आले हे यंदा तुम्हाला लागू होईलच असं नाही.

नॉनस्टॉप फ्लाइटला वेळ किती लागतो?

मुंबईहून जाताना साधारण साडेपंधरा ते सतरा तास, न्यूयॉर्कहून येताना त्याच्यापेक्षा तासभर ते दोन तास कमी. ऋतू, वारा आणि वर सांगितलेला वळसा यावर ते खालीवर होतं. तिकिटावर जी वेळ लिहिलेली असते ती गेट ते गेट असते, म्हणजे विमान रनवेकडे रांगत जातं आणि उतरल्यावर पुन्हा रांगत येतं तेही त्यात धरलेलं. वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जातात, न्यूयॉर्कला कधी कधी जास्तच.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धरला तर १२,५४० भागिले ९०० म्हणजे जवळपास १४ तास. बाकीचा वेळ वळसा, वारा आणि जमिनीवरचं रांगणं.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हे पृथ्वी फिरते म्हणून का?

नाही हो, हे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी सोडून दिलंय. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते, विमान त्या हवेतच उडतं. तसं असतं तर हेलिकॉप्टर नुसतं वर जाऊन थांबलं असतं आणि खाली पुण्याऐवजी अलिबाग आलं असतं.

खरं कारण वारा. उत्तर गोलार्धात वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. बाबा तरुणपणी कृष्णेत पोहायचे, त्यांना मी एवढंच म्हटलं की बाबा, तुम्ही घाटावरून वरच्या अंगाला पोहत जायचात तेव्हा किती दमायचात आणि खाली येताना? लगेच कळलं.

हिशेब करून बघायचा तर सगळ्या वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून धरा, वेग राहिला ८५०, म्हणजे पावणेपंधरा तास. तोच मागून असला तर ९५०, म्हणजे सव्वातेरा. दीड तासाचा फरक इथेच पडला.

रात्री २ ला निघून सकाळी ७ ला पोचतात, म्हणजे पाचच तास लागतात ना?

हे मला मिरजेच्या काकांनी फार गंभीरपणे विचारलं होतं. "अगं, तिकिटावर लिहिलंय की! मंगळवारी दोनला सुटणार, मंगळवारी सातला पोचणार. मग सोळा तास सोळा तास काय लावलंय तुम्ही?"

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात काका. मुंबईत रात्री २ वाजता निघालात, साडेपंधरा तास उडालात, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, म्हणून तिथे सकाळचे सातच. येताना उलटं, मंगळवारी दुपारी १२ ला निघालात, साडेचौदा तास उडालात, मुंबईत उतरता ते बुधवारी दुपारी १ ला. घड्याळात पंचवीस तास गेल्यासारखं दिसतं. जाताना जे कमावलं ते येताना परत द्यायचं, व्याज नाही.

टायमिंगचा फरक साडेनऊ तास की साडेदहा?

दोन्ही बरोबर आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, आपल्याकडे वर्षभर एकच वेळ. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तो अर्धा तास आपल्यामुळे येतो, भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरवलीय आणि ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे पडते.

आईला मी शिकवलेली युक्ती अशी की भारतातल्या वेळेत उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, हिवाळ्यात दीड, आणि सकाळ-संध्याकाळ उलटी करायची. सांगलीत रात्रीचे ८, अडीच मिळवले साडेदहा, रात्रीचं सकाळ केलं, म्हणजे इकडे सकाळचे साडेदहा. फ्रीजवर चिकटवून ठेवलंय तिने, तरी पहाटे तीनला फोन येतोच.

तिकिटावर १५ तारीख, रात्री १:५० लिहिलंय. घरातून कधी निघायचं?

१४ ला! कृपा करून हे दोनदा वाचा. अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट्स मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, तेव्हा तारीख बदललेली असते. "१५ तारखेची रात्र" असं आपण बोलतो तेव्हा डोक्यात जेवणानंतरची रात्र असते, आणि १५ ची ती रात्र येईपर्यंत विमान न्यूयॉर्कला पोचून परत निघालेलं असतं.

आमच्या मामाने हे केलंय. बॅगा भरून, पाया पडून, नारळ वाढवून सगळे १५ ला संध्याकाळी विमानतळावर, आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली काका तुमचं विमान काल गेलं. मामी त्या रात्री कुर्ल्याला बहिणीकडे मुक्कामाला, मामाशी चार दिवस बोलली नाही. नवीन तिकिटाचे पैसे किती गेले ते अजून घरात कुणी काढत नाही.

नॉनस्टॉप आणि डायरेक्ट एकच ना?

बोलताना आपण एकच म्हणतो, तिकीट काढताना नाही. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेच उतरत नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा नंबर एकच, पण मधे एखाद्या गावी थांबू शकतं. बुकिंग करताना "स्टॉप ०" आहे का ते बघा.

दुबई किंवा लंडनवरून गेलं तर फार लांब पडतं का?

अंतर म्हणाल तर अजिबात नाही, लोकांना हे पटत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, मिळून १२,९५०. म्हणजे सरळ रेषेपेक्षा चारशे किलोमीटर जास्त, विमानाला अर्धा तास. लंडनवरून तर अजून कमी, ७,२१० आणि ५,५४० मिळून १२,७५०. पृथ्वी गोल असल्याचा हा फायदा, हे सगळे थांबे जवळजवळ वाटेवरच पडतात.

वेळ खातो तो थांबा. दोन तासांचा असेल तर छातीत धडधड, आठ तासांचा असेल तर कंबर मोडते. माझं मत विचाराल तर तीन ते चार तास बरोबर, पाय मोकळे होतात, चहा होतो, गेट शोधायला वेळ मिळतो. एकूण प्रवास मग २० ते २४ तासांवर जातो. थांबा कुठे आहे त्याप्रमाणे ट्रान्झिट व्हिसाचे नियमही बघा, युरोप आणि इंग्लंडचे वेगळे आहेत, अमेरिकेचा व्हिसा असेल तर सवलत असते पण तिकीट काढायच्या आधी त्या त्या देशाच्या साइटवर खात्री करा, ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी "काही लागत नाही ओ" वर जाऊ नका.

अबुधाबीचं एक वेगळं आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढायच्या आधीच होतं, २०१४ पासून ही सोय आहे. मग न्यूयॉर्कला तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे उतरता, बॅग घ्या आणि बाहेर. आई-बाबा एकटे येत असतील आणि त्या रांगेची भीती वाटत असेल तर विचार करण्यासारखं आहे. फक्त तिथे थांबा पुरेसा ठेवा, रांग तिकडे सरकलीय एवढंच, गेली कुठे नाही.

आणि अमेरिकेतच दुसऱ्या गावी विमान बदलायचं असेल तर पहिल्या गावात इमिग्रेशन होतं आणि चेक-इन केलेल्या बॅगाही तिथे साधारणपणे उचलून पुन्हा द्याव्या लागतात. आई-बाबांसाठी मी हा प्रकार टाळते.

घर ते घर एकूण किती तास धरायचे?

आमचा सांगली ते एडिसनचा हिशेब देते, २०२४ च्या जानेवारीचा, तेव्हा मी आणायलाच गेले होते.

सकाळी ११ ला सांगलीहून गाडी निघाली. बाबा ९ लाच बूट घालून ओट्यावर बसले होते. साताऱ्याच्या पुढे जेवण, पुणे बायपासला नेहमीसारखं अडकणं, एक्सप्रेसवे, घाटात कंटेनर बंद पडलेला, आणि बाबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून "पोचतो ना गं आपण?" असं करत रात्री ८ ला टर्मिनल २. विमान २ चं. इंटरनॅशनलला तीन तास आधी जायला सांगतात, आम्ही सहा तास आधी होतो आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण हायवेचा भरवसा नाही आणि विमान थांबत नाही. बॅगा, इमिग्रेशन, सिक्युरिटी, मग डब्यातल्या धपाट्या गेटवर बसून. विमानात सोळा तास. आईला समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा कसा लावायचा ते कळलं आणि मग सिनेमा वगैरे काही नाही, तीच लहान पांढरी विमानाची खूण बघत बसली, मधेच मला उठवून "अजून युरोपच का गं?" जेएफकेला इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास, तिथून एडिसनला सकाळच्या ट्रॅफिकमधून पावणेदोन तास.

बेरीज करा, घर ते विमान १५ तास, विमान १६, उतरल्यावर सव्वातीन. चौतीस तास. ज्याबद्दल सगळे विचारतात ते विमान त्यात निम्म्याहूनही कमी आहे! पुण्याहून येणाऱ्यांचे पाच-सहा तास कमी होतील, कोल्हापूरकरांचे थोडे वाढतील. ठाण्याचे लोक मात्र तासाभरात विमानतळावर पोचतो म्हणून सगळ्यात उशिरा निघतात आणि सगळ्यात जास्त धावतात.

आता नवी मुंबईचा विमानतळही झालाय, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. तिकिटावर बीओएम (म्हणजे मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट बघून ड्रायव्हरला सांगा.

जेएफके बरं की न्यूअर्क?

कुठे राहणार त्यावर. न्यू जर्सीत एडिसन, इझलिन, पिस्काटवे या पट्ट्यात असाल तर न्यूअर्क, एडिसनहून अर्ध्या तासावर. जेएफके क्वीन्समध्ये आहे, तिथून न्यू जर्सीला यायचं म्हणजे पूल, टोल आणि ट्रॅफिक, दोन तासांचीही तयारी ठेवा. पण नुसतं त्यासाठी एक थांबा वाढवून न्यूअर्कचं तिकीट काढू नका, पंधरा हजार किलोमीटर लांबून येणाऱ्याला, बरं साडेबारा, मी एक तास जास्त गाडी चालवली तर काय बिघडलं.

विमानात सगळा वेळ रात्रच असते का?

हिवाळ्यात जाताना जवळजवळ हो. मुंबईहून २ ला निघालात की सूर्य तुमच्या मागून येत असतो आणि तुम्ही पश्चिमेला पळत असता. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी १,६७० किलोमीटरने फिरते, पण ६० अंशावर तो वेग निम्मा, सुमारे ८३५. आणि विमान ९०० ने जातंय. म्हणजे तेवढ्या उत्तरेला सरळ पश्चिमेला उडणारं विमान सूर्याला गाठू देत नाही, पहाट मागेच राहते. बाबा तीनदा म्हणाले, "उजाडेना गं अजून." उन्हाळ्यात मात्र उत्तरेला रात्र अगदी छोटी असते, तेव्हा मधेच उजेड दिसतो आणि तो तसाच रेंगाळतो.

एवढं इंधन बसतं कुठे?

मुख्यतः पंखांत, आणि पोटात मधल्या टाकीत. या मार्गावर वापरतात तशा बोइंग ७७७-३००ईआर विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साडेतीनशे टनांच्या वर, आणि टाक्यांत इंधन मावतं सुमारे १४५ टन. माणसं आणि बॅगा मिळून त्याच्या निम्म्यानेही नसतात. यातलं बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं, त्यामुळे लांबच्या नॉनस्टॉपचं तिकीट महाग का याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पायलट सोळा तास जागा असतो?

नाही. चार पायलट असतात, आळीपाळीने झोपतात, त्यांच्यासाठी वेगळे बंक आहेत.

वयस्कर माणसांना एवढा वेळ झेपतो का?

माझे बाबा ७६ व्या वर्षी आले, पण बीपी, शुगर, हृदयाचा काही इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारूनच, हे मी सांगायला नको. दोन गोष्टी लक्षात ठेवा. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते, म्हणजे सोळा तास कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर बसल्यासारखं. आणि ती फार कोरडी असते, नाक-घसा सुकतो, म्हणून पाणी पीत राहायचं. आई बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नव्हती, अगदी आपल्या एसटीच्या सवयीने. आता तिला आइल सीटच, म्हणजे मधल्या वाटेकडेचीच घेते. दर दोन तासांनी उठून एक फेरी, पायाचे घोटे फिरवत राहायचे, एकाच जागी बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. डायबेटिसवाल्यांनी गोळी-इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं ते निघायच्या आधी लिहून घ्या, विमानात बसल्यावर "आता रात्र की सकाळ" हा घोळ होतोच.

व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा, टर्मिनल लांबच लांब असतात आणि बरोबर माणूस मिळतो. बाबा "मी काय लंगडा आहे का" म्हणून पहिल्यांदा चिडले होते, येताना स्वतःच विचारत होते खुर्ची सांगितलीस ना.

जेट लॅग किती दिवस?

ढोबळ हिशेब दर एक तासाच्या फरकाला एक दिवस असा सांगतात, प्रत्यक्षात आठवडाभरात बहुतेकांचं जमतं. पूर्वेकडे येताना, म्हणजे भारतात परतताना, बऱ्याच जणांना जास्त त्रास होतो, कारण शरीराला उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. पोचल्यावर सकाळच्या उन्हात चालायला न्या आणि दुपारी झोपू देऊ नका. आमच्याकडे पहिले चार दिवस पहाटे ३ ला स्वयंपाकघरात फोडणीचा वास, मी आता काही बोलत नाही.

जगातली सगळ्यात लांब फ्लाइट हीच का?

छे. सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरच्या वर आहे, अठरा तासांहून जास्त. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सुद्धा आपल्यापेक्षा लांब, साडेतेरा हजार.

तिकीट कितीला पडतं?

इथे आकडा लिहिला तर तुम्ही वाचेपर्यंत बदललेला असेल. मे-जून आणि डिसेंबर महाग, फेब्रुवारी आणि सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातल्या त्यात बरे.

अ‍ॅपवर विमान बघत होतो, मधेच गायब झालं. घाबरायचं का?

नाही. ती अ‍ॅप्स विमानातून येणारे रेडिओ सिग्नल जमिनीवरच्या अँटेनांनी पकडतात आणि एका अँटेनाला साधारण चारशे किलोमीटरपर्यंतचंच ऐकू येतं. अटलांटिकच्या मधे अँटेना कोण लावणार? तिथे अ‍ॅप अंदाजाने ठिपका सरकवतं किंवा सरळ काढून टाकतं, कॅनडाचा किनारा आला की परत दिसतो.

मला हे सगळं पाठ आहे. तरी मागच्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा दोघंच येत होते तेव्हा ग्रीनलंडच्या खाली ठिपका गेला आणि मी तासभर ओट्याशी उभी राहून फोन रिफ्रेश करत होते, चहा दोनदा उतू गेला. मग लॅब्राडोरवर उगवला. लँड झाल्याचं अ‍ॅप दाखवायच्या आधी आईचा मिस्ड कॉल आला, रोमिंगला पैसे पडतात म्हणून एकच रिंग.